सातव्या घरट्याची रिकामी फाइल

धोंडू कधी खोटं बोलत नसे. तो यंत्रमानव होता, आणि खोटं बोलायला लागणारी चलाखी नलूआजीनं त्याच्यात घातलीच नव्हती. म्हणून तर चार्वी कोड्यात पडली. सातव्या घरट्यापाशी उभा राहून धोंडू म्हणत होता, "वाळू अठ्ठावीस अंश. सगळं क्षेम आहे." आणि घरट्याशेजारी कोपरापर्यंत हात खुपसून बसलेल्या चार्वीला ती वाळू चांगलीच गरम लागत होती.

साल होतं २०६३. आडेकोंडच्या किनाऱ्यावर समुद्री कासवीण अंडी घालून निघून जाते, आणि गावकरी ती कुंपणाच्या आत नव्या खड्ड्यात जपून पुरतात. वाळू तेहतीस अंशांच्या वर फार वेळ राहिली, तर आतली पिल्लं दगावतात. तेवढ्यासाठी धोंडू होता. वाळू तापली की त्यानं सावलीचं कापड ओढायचं. एप्रिलच्या दुपारचे तीन वाजले होते आणि कापड गुंडाळलेलंच होतं.

"आजी, लवकर ये!"

नलूआजीनं आयुष्यभर उपग्रहांच्या संगणकांसाठी प्रोग्रॅम लिहिले होते. किनाऱ्यावरच्या या कासव-केंद्राचा संगणकही तिनंच उभा केला होता. ती धावतच आली. दोघींनी मिळून हातानंच कापड ओढलं, आणि मग ती संगणकापाशी बसली. पडद्यावर 'घरटे-७' नावाची फाइल होती. चार्वीनं ती उघडली. आत एकच ओळ होती: २८ ३४ ६.

"अगं, पण हिचा आकार तर शून्य दाखवतोय! रिकाम्या फाइलीत आकडे आले कुठून?"

"ही आभासी फाइल (दिसायला फाइल, पण कुठेच साठवून न ठेवलेली) आहे. भात शिजला का, असं विचारलं तर तुझी आई वही उघडते का गो?"

"नाही. झाकण काढून शीत दाबून बघते."

"तसंच. तू फाइल उघडलीस की संगणक त्या क्षणी वाळूतल्या संवेदकांना (मोजून सांगणाऱ्या उपकरणांना) विचारतो आणि उत्तर समोर ठेवतो. म्हणून आकडा नेहमी ताजा."

"मग ताजा आकडा मिळूनही धोंडू चुकला कसा?"

"मी पहिला आकडा वाचतो," धोंडू म्हणाला. "पहिला आकडा तापमान. नलूबाईंनीच शिकवलंय."

चार्वीचा चेहरा पडला. वाऱ्यानं घरट्यावरची वाळू उडते, म्हणून खोली मोजणारा संवेदक तिनं कालच बसवला होता. आडेकोंडला अंडी पुरताना आधी खोली मोजायची, मग बाकीचं, अशी रीतच आहे. केंद्राच्या वहीतही खोलीचाच रकाना पहिला. म्हणून संगणकातही तिनं खोली पहिली लिहिली होती. अठ्ठावीस सेंटिमीटर. वाळू होती चौतीस अंश, आणि शेवटचा सहा म्हणजे ओल.

"माझ्यामुळे झालं ना?" तिला रडू फुटलं.

"निम्मं तुझ्यामुळे, निम्मं माझ्यामुळे. तू धोंडूला न सांगता रांग बदललीस. पण सगळ्या गोष्टी एका फाइलीत कोंबून त्यांना नावं न देणारी शहाणी मीच. ये, दोघींनी निस्तरू."

त्यांनी 'घरटे-७' नावाचा कप्पा केला. त्यात वेगवेगळ्या फाइली: तापमान, खोली, ओल. एका फाइलीत एकच गोष्ट. आता रांगेत कोण पुढे, कोण मागे, याच्याशी धोंडूला देणंघेणं नव्हतं. त्यानं नावानं विचारायचं. 'सावली' नावाची फाइल मात्र लिहिण्यासाठी होती. तिच्यात १ लिहिलं की कापड पसरायचं, ० लिहिलं की गुंडाळायचं.

चार्वीनं घाईघाईनं 'तापमान' फाइलीत २९ लिहिलं. पडद्यावर उत्तर आलं: लिहिण्याची परवानगी नाही.

आजी हसली. "नुसतं लिहून वाळू गार झाली असती, तर आणखी काय हवं होतं! ही फाइल वाचायचीच. बदलता येतं तेवढ्यालाच लिहिण्याची मुभा द्यायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळू एकतीसवर आली होती. पण पिल्लं जिवंत होती का? खणून बघायला मनाई होती. आजीनं कंप टिपणारा एक संवेदक चार्वीच्या हातात ठेवला.

"मी नाही बसवणार. परत काही बिघडलं तर?"

"आता प्रत्येकाची फाइल वेगळी आहे. बसव."

तिनं वाळू हलकेच सारून तो बसवला. कप्प्यात 'हालचाल' नावाची नवी फाइल आली. "वाळू एकतीस अंश," धोंडू म्हणाला, आणि या वेळी ते खरं होतं. चार्वीनं नवी फाइल उघडली. ०. पुन्हा उघडली. ०.

"आजी, शून्यच गं." तिचा आवाज चिरकला.

"ते मघाचं शून्य. आत्ताचं आत्ता विचार."

चार्वी विचारत राहिली. शून्य, शून्य, शून्य. आणि मग १. मग ३. ती ओरडली तशी धोंडूनं मान वळवून विचारलं, "कुणाला लागलं का?"

"अरे, हलतायत ती! वाळूखाली हलतायत!" आजीला मिठी मारून ती रडत रडत हसली. "यातली एखादी मोठी होऊन इथंच अंडी घालायला येईल ना? किती वर्षांनी?"

"पंधरा-वीस तरी. मी असेन नसेन."

"मी असेन," चार्वी म्हणाली, आणि आठव्या घरट्याचा कप्पा करायला बसली.