डाळिंबी झग्यांचा उजेड

"हे पडदे कुणी लावले?"

"पडदे नाहीत ते. गायकमंडळाचे झगे आहेत."

"म्हणजे माझी फिल्म गुलाबी दिसणार?"

"सगळ्यांच्याच दिसतात. तुमच्यासाठी वेगळा सूर्य मागवू का?"

अलॉन्झो प्रुइटशी झालेलं माझं हे पहिलं बोलणं. शिकागोच्या दक्षिण भागातल्या आमच्या चर्चचा मागचा हॉल, १९९५ चा जून, दुपारचे तीन. मी स्टुलावर उभी राहून खिडक्या झाकत होते आणि हा उंचेला माणूस दारात उभा राहून खोट काढत होता.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. कॉलेजातून बरेच जड शब्द शिकून आले होते, ते कुठेतरी वापरायला हवेत म्हणून दर शनिवारी फिल्म दाखवायचे. आमच्या काळ्या पोरापोरींच्या छोट्या फिल्म शहरातली थिएटरं घेत नसत. आमच्याकडे घडीच्या खुर्च्या होत्या, शाळेतून मागून आणलेला प्रोजेक्टर होता, आणि पडद्याशी बोलणारे प्रेक्षक होते. "अगं बये, दार उघडू नकोस!" असं चर्चमधल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाई, मदर गेन्स, पहिल्या रांगेतून ओरडल्या की नवा दिग्दर्शक घामाघूम व्हायचा. फिल्म आवडली की लोक हातातले कागदी पंखे वर करत. पंख्यांच्या मागे अंत्यसंस्कारवाल्याची जाहिरात असे. फिल्मचं भवितव्य ठरवायला तेवढंच साधन होतं.

"कॅमेरे आपल्या कातडीला राखेचा रंग देतात, नेड्रा," अलॉन्झो मला झगा वर देत म्हणाला. "मी तीन आठवडे दिवे हलवून तो खरा तपकिरी रंग आणलाय. आणि तू त्याला झगा चढवतेस."

"मग नका दाखवू."

"पुढच्या शनिवारी येतो. फिल्म अजून कापून जोडायची आहे."

तो पुढच्या शनिवारी आला. त्याच्या पुढच्याही. फिल्म काही कापून होईना… पण झगे टांगायला मात्र वेळेवर हजर. एकदा कॅमेरा घेऊन आला. "उजेड तपासतोय," म्हणाला. मी विश्वास ठेवला. जड शब्द शिकून एवढाच फायदा झाला होता.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार आला. त्या दिवशी सर्वांत जास्त पंखे मिळवणारी फिल्म न्यूयॉर्कच्या महोत्सवात जाणार होती. अलॉन्झोची फिल्म शेवटची होती, आणि नेमकी पश्चिमेच्या खिडकीची कडी निखळली. अकरा मिनिटं झगा दोन्ही हातांनी धरून मी उभी राहिले.

फिल्ममध्ये एक निवृत्त बसचालक रोज आपल्याच जुन्या बसमधून प्रवासी म्हणून फिरतो. रोज एका खिडकीकडे बघतो. तिथे काय आहे, ते आपल्याला दिसत नाही. "कोण आहे रे तिथे?" मदर गेन्सनी तीनदा विचारलं. शेवटी लांबून खिडकी दिसली; पडद्याला लागून उभी असल्यानं आतलं सगळ्यांआधी मलाच दिसलं. आत एक पाठमोरी मुलगी स्टुलावर उभी राहून झगा टांगत होती. तिची मान, तिची कोपरं… खरी तपकिरी, राखेचा मागमूस नाही.

ती मी होते.

माझे हात खाली आले. झगाही. ऊन सरळ पडद्यावर पडलं आणि सगळं पांढरं झालं.

"अरे देवा! कोण होतं खिडकीत?" हॉलभर कालवा. तेवढ्यात गायकमंडळ आलं. पाच वाजता त्यांचा कार्यक्रम होता, त्यांनी भराभर झगे उतरवले. पुन्हा दाखवायला अंधारच उरला नाही.

"शेवट न बघता मी पंखा उचलणार नाही," मदर गेन्स म्हणाल्या. "न बघता मी फक्त लग्न केलंय. पुरे झालं."

अलॉन्झो उठला. "माझ्याशिवाय शेवट एकाच व्यक्तीनं पाहिलाय. तिला विचारा."

सत्तर डोकी माझ्याकडे वळली. सांगितलं तर तो न्यूयॉर्कला जाणार. नाही सांगितलं तर इथेच राहणार — आणि मी त्याची फिल्म बुडवलेली असणार.

"बस थांबते," मी म्हणाले. "खिडकीत एक मुलगी झगा टांगतेय. पाठमोरी."

"मग?"

मला दिसलेली फिल्म तिथेच संपत होती.

"मग… ती वळते."

"आणि? बोल गं पोरी!"

"आणि म्हणते — जा तू. पण परत ये. माझा हात वरच्या कडीला पोचत नाही."

मग मदर गेन्सचा पंखा वर गेला, आणि पाठोपाठ सगळा हॉल.

अलॉन्झो माझ्याजवळ आला. "हे माझ्या फिल्ममध्ये नाही."

"मग घाला."

"आता तरी 'घाल' म्हण."

"घाल."

मंगळवारी त्यानं ते चित्रित केलं. उजेड चुकतोय म्हणत मला आठ वेळा वळायला लावलं. पहिलंच बरोबर होतं, हे त्यानं पुढे पत्रात कबूल केलं. फिल्म न्यूयॉर्कला गेली, मागोमाग तो गेला, तिथेच काम मिळालं. शनिवारी चारला फोन यायचा. कधी यायचा नाही. तेव्हा मी झगे अंमळ जोरात झटकायचे.

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये मी अशीच स्टुलावर उभी होते. वरची कडी हाताला लागत नव्हती. मागून कुणीतरी झगा अलगद काढून घेतला आणि टांगला.

मी वळले. या वेळी एकदाच पुरलं.