तीस वाव खाली

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण रचलेली म्हणू नका.

जेन्सन माझा चुलतभाऊ. वसईत लग्नांचे व्हिडिओ काढतो. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

शुक्रवार, २१ मार्च २०२५. दुपारचे दोन. वसईच्या पाचूबंदरहून आठ तास आत, भर समुद्रात. डोक्यावर रणरणतं ऊन.

त्याआधीचे चार महिने जेन्सन नुसता वैतागलेला होता.

त्याची लूर्डस मावशी पाचूबंदरला राहते. तिचा नवरा पॉल दोन वर्षांपूर्वी बोटीसकट बुडाला. बरोबरचे तिघे वाचले. पॉलकाका सापडलाच नाही. मावशी मृत्यूचा दाखला मागायला गेली की कचेरीत एकच उत्तर.

"बॉडी नाही ना? मग बुडालेली बोट तरी दाखवा."

बोट कुठे आहे ते बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे जाळी अडकायची. पण खोली तीस वाव, म्हणजे पंचावन्न मीटर.

"मावशी, मी शूट करून आणतो," जेन्सन म्हणाला.

बोलून बसला खरा.

पहिला कॅमेरा छोटा, हेल्मेटवर लावतात तसला. त्याची हौसिंग, म्हणजे पाणी आत शिरू नये म्हणून भोवती असते ती पेटी, प्लास्टिकची होती. खोक्यावर लिहिलेलं, साठ मीटर चालेल. बारा वावांवरच तडकली. कॅमेरा गेला.

दुसरा भाड्याने आणला. त्याला अंधारात काही दिसेना. लेन्सशेजारी दिवा लावला, तर पाण्यातला गाळच असा चमकायचा, जणू पिठाच्या गिरणीत शूटिंग चाललंय. वायफायने वर चित्र बघू म्हटलं, तर वायफाय पाण्यात हातभरही जाईना.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "सर, पण इतकं खोल जायचंच कशाला?"

जेन्सनने फोन पलंगावर आपटला.

शेवटी त्याने अंधारात दिसणारा मोठा कॅमेरा निवडला. हौसिंग अ‍ॅल्युमिनियमची, शंभर मीटरची. दिवे दोन बाजूंना लांब दांड्यांवर. आणि वर स्क्रीनपर्यंत जाड केबल.

भरती बघून पाचूबंदरच्या जेट्टीवरून त्याने हौसिंग रिकामीच पाण्यात सोडली. आत फक्त टिश्यू पेपर. पाणी शिरलं तर तो भिजेल.

वर काढली. टिश्यू कोरडा ठणठणीत.

पण काच… आतून धुरकट झाली होती.

कुणी तोंड जवळ नेऊन श्वास सोडावा तशी.

"दमट हवा, दुसरं काय!" जेन्सन चिडला. त्याने रबरी रिंग बदलली. ग्रीस लावलं. पंपाने आतली हवा ओढून काढली. पुन्हा सोडली.

पुन्हा तेच.

आणि या वेळी त्या धुरकट काचेवर चार बोटं फिरल्याच्या रेघा… आतल्या बाजूने.

'माझेच हात लागले असतील,' असं म्हणून त्याने काच पुसली.

त्या शुक्रवारी मावशी हट्टाने बोटीवर आली. तिला एक हार सोडायचा होता. बोट निकोलस तांडेलची. मागे सुकाणूवर त्याचा खलाशी.

कॅमेरा खाली जाऊ लागला. स्क्रीनवर हिरवं पाणी… मग काळं.

पंधरा वाव.

स्क्रीनवर एक पिवळा चौकोन उमटला.

हा चौकोन तुम्ही मोबाईलवर पाहिला असेल. समोर माणसाचा चेहरा दिसला की कॅमेरा तो काढतो.

समोर काहीच नव्हतं.

"आता हाही बिघडला!" जेन्सन करवादला.

वीस वाव. चौकोन तिथेच.

पंचवीस वाव. चौकोन मोठा झाला.

म्हणजे… चेहरा जवळ आला होता.

मग दिव्यांच्या उजेडात लाकूड दिसलं. शिंपल्यांनी भरलेली बोटीची बाजू. आणि नंबर. स्पष्ट.

निकोलसने छातीवर क्रूस काढला. "पॉलचीच. आता खेच वर. पानी बरं नाय आज."

जेन्सनने भराभरा दोर ओढला. वर येईपर्यंत तो चौकोन स्क्रीनवरून हलला नाही.

कॅमेरा फळ्यांवर ठेवला. निथळत होता, चालूच होता. लेन्स नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे. समोर दोघंच बसलेली, निकोलस आणि मावशी.

एक चौकोन निकोलसच्या तोंडावर.

एक मावशीच्या.

आणि एक… तिच्या शेजारच्या रिकाम्या फळीवर.

स्क्रीन फक्त जेन्सनलाच दिसत होती. मावशी समुद्राकडे बघत होती.

तरी ती पदर आवरून जराशी सरकली.

कुणाला जागा करून द्यावी तशी.

तो व्हिडिओ मी पाहिलाय. चौकोन रेकॉर्ड होत नाहीत, त्यामुळे त्यात नुसती बोट आहे आणि नंबर. कचेरीला तेवढं पुरलं असतं.

पण मावशीने तो दिलाच नाही.

महिन्याभराने जेन्सनला कळलं. तो तडक तिच्या घरी गेला. तिने दार अर्धंच उघडलं. आत ये म्हणाली नाही.

"मावशी, चार महिने वेड्यासारखा राबलो मी! आणि तू पेनड्राइव्ह कपाटात ठेवून दिलास?"

"रागावू नको रं," मावशी हळूच म्हणाली. "मेल्याचा दाखला आता मी कसा मागू?"

दार लावता लावता तिने आत मान वळवली, आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलली.

त्या घरात मावशीशिवाय कुणी राहत नाही.

जेन्सनने दार वाजवायला हात उचलला, तसाच खाली घेतला. मग निघून आला.

"तू असतास तर दार पुन्हा वाजवलं असतंस का?" त्याने मला विचारलं.