बोटभर जागा

थियो पापास आमच्या वर्कशॉपच्या फाटकातून पहिल्यांदा आत आला, तेव्हा त्याच्या गाडीत इंजिनच नव्हतं. मागे उघडा हौदा असलेली ती जुनी होल्डन मित्राच्या ट्रकला दोराने बांधून ओढत आणलेली, आणि ट्रकवर साखळ्यांनी जखडलेलं फोर्डचं सहा सिलिंडरचं इंजिन. माझ्या बाबांनी ते पाहिलं आणि हातातला आइस्ड कॉफीचा डबा खाली ठेवला. ऑस्ट्रेलियात माणूस एकतर होल्डनचा असतो, नाहीतर फोर्डचा, आणि पोर्ट ऑगस्टात आमचं घर आजोबांपासून होल्डनवालं. फोर्डचं इंजिन माझ्या छपराखाली येणार नाही, एवढं बोलून ते आत निघून गेले.

“छपराबाहेर चालेल?” थियोने विचारलं. बाबांना नाही... मला.

चालेल, असं मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. आमच्या वर्कशॉपात वेल्डिंग मीच करते, नसते उद्योग अंगावर घ्यायची मला खोड आहे, आणि त्याच्या डाव्या भुवईवर ग्रीसचा डाग होता, तो मला पुसावासा वाटत होता.

गाडी त्याच्या आजोबांची, इंजिन वडिलांच्या गाडीतलं. दोघंही आता नव्हते. होल्डन-फोर्डच्या वादावरून ते बापलेक वीस वर्षं एका टेबलावर जेवले नव्हते. आता तरी एकत्र बसू देत, असं थियो म्हणायचा.

पण बसत नव्हते. इंजिनाच्या पोटाखालची तेलाची पेटी गाडीच्या आडव्या तुळईवर आपटत होती. मी पेटी कापली, तिचा खोलगट भाग मागे सरकवून पुन्हा जोडला, तेल ओढणारी नळीही नव्याने वाकवली. इंजिन साखळीने वर घ्यायचं, खाली सोडायचं, पुन्हा वर... अकरा वेळा. उत्तरेच्या वाळवंटाकडून येणारा तापलेला वारा तोंडात धूळ भरायचा, माशा डोळ्यांशी घोंगावायच्या. तो त्या बाजूने आणि मी या बाजूने वाकले की आमची डोकी अगदी जवळ यायची. मग दोघंही उगाच बोल्ट शोधत बसायचो.

महिनाभरात काम संपत आलं आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिना. कारण गाडी तयार झाली की थियो त्याच ट्रकवाल्या मित्राबरोबर, डेलबरोबर, उत्तरेला कुंपणं घालायच्या कामावर जाणार होता.

म्हणून मी खोटं बोलले. एकदा नाही, दोनदा. बॉनेट इंजिनाला लागतंय का ते बघायला आम्ही इंजिनावर मुलांच्या खेळातल्या मातीचे गोळे ठेवून बॉनेट लावतो. उघडल्यावर गोळा किती चपटा झाला ते मोजायचं. गोळा छान जाड राहिला होता. थियो पाणी प्यायला गेला तेव्हा मी तो अंगठ्याने दाबला आणि परत आल्यावर त्याला दाखवला... बघ, जागा कमी आहे. एक आठवडा गेला. मग पंखा रेडिएटरला घासेल असं सांगून बारीक पंखा मागवला. आणखी एक आठवडा.

“तुला माझी गाडी आवडत नाही का?” त्याने विचारलं.

“गाडी बरी आहे. मालक वेंधळा आहे.”

“मालकाचं मोजमाप कधी घेतलंस?”

मी पाना उचलून पलीकडे गेले. कान तापले होते.

शुक्रवारी तपासणीचे इंजिनिअर येऊन कागदावर सही करून गेले. सोमवारी सकाळी डेल ट्रक घेऊन फाटकात हजर. बाबाही दारात आले होते. मी बॉनेट उघडून शेवटची नजर टाकत होते, आणि थियोने निरोपादाखल एक्सिलरेटर जोरात दाबला. इंजिन एका अंगाला कललं. एक्झॉस्टचा पाइप आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यामध्ये मी बोटभर जागा ठेवली होती. ती मिटली. पाइप दांड्याला टेकला. भरल्या हौद्याने चढावर जोर लावला असता तर स्टिअरिंग अडकलं असतं.

“बंद कर, थियो. जाऊ नकोस.”

तो हसला, पण कंटाळून. “ब्रॉन, आता काय गं? आधी बॉनेट, मग पंखा... डेल कधीचा थांबलाय.”

त्याची किल्ली हिसकावून घ्यावीशी वाटली. पण त्याने माझ्यावर विश्वास तरी का ठेवावा? हे खरं पटवायचं तर आधीचं खोटं कबूल करणं भाग होतं, तेही डेलच्या आणि बाबांच्या देखत.

“बॉनेटचं खोटं होतं,” मी म्हणाले. “माती मी दाबली होती. पंख्याचंही खोटं. गाडी झाली की तू जाशील म्हणून केलं सगळं... मला तू आवडतोस. फार आवडतोस. पण हे खरं आहे. या गाडीत बसून जाऊ नकोस.”

डेल ट्रकच्या आरशात बघू लागला. थियोने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि पाइपाकडे न बघताच किल्ली माझ्या हातात ठेवली.

“मातीचं मला तेव्हाच कळलं होतं,” तो म्हणाला. “तुझ्या अंगठ्याचा ठसा होता तिच्यावर.”

“मग बोलला का नाहीस?”

“आणखी एक आठवडा इथे मिळत होता...”

तरीही तो गेला, डेलच्या ट्रकमधून. कामाचा शब्द दिला होता त्याने. मी दोन दिवस पाइपावर राग काढला. कापला, नव्याने वाकवला, इंजिन कलू नये म्हणून पकडी बदलल्या. बुधवारी दुपारी काम झालं आणि तेवढ्यात त्याचाच फोन आला. किती दिवस लागतील, असं विचारत होता. दोन आठवडे लागतील, असं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. निदान दोन आठवड्यांनी गाडी न्यायला तरी तो नक्की आला असता.

“झालंय,” मी म्हणाले. “आत्ताच. कुणी तिकडे येणारं असेल तर त्याच्याबरोबर पाठवते गाडी. तुला यायची गरज नाही.”

“गाडी राहू दे तिथेच,” तो म्हणाला. “मी शनिवारी तुला भेटायला येतोय.”

शनिवारला अजून तीन दिवस होते, आणि मला एका जागी बसवेना.