आवाजाची बंदूक

अलिबागच्या दुकानात मुश्ताकभाईंनी काचेवर दुनळी बंदूक ठेवली, तेव्हा अनुसूयेचा सोमवारचा उपास होता आणि पंख्याखाली बसूनही तिला गरगरत होतं. शेजारी गोणपाटात गुंडाळलेली सासऱ्यांची जुनी ठासणीची बंदूक पडली होती.

"मास्तर, नुसती भीती घालायची तर जुनीच ठेवा," मुश्ताकभाई म्हणाले. "ही जान घेते."

"आयुष्यभर आवाजच केला दादांनी," तिचा नवरा सलिल म्हणाला. "मला तो बिबट्या वाघ पडलेला हवाय."

"अहो, जुनीच असू दे ना."

"तू तुझी पोथी बघ."

थळच्या त्यांच्या वाडीतून एसटीच्या थांब्याकडे पायवाट जाते. त्यांची लेक गौरी न्हावा शेव्याच्या नोकरीवरून दिवेलागणीला त्याच वाटेनं परते. बिबट्या फिरू लागल्यापासून तिचे सासरे, दादा, रोज त्या वेळी ठासणीत नुसती दारू भरून एक बार आकाशात काढत. छर्रा कधी घातला नाही. माणूस जागा आहे एवढं त्याला कळलं की पुरे, म्हणत. चैत्रात ते गेले. त्यांच्या आजारपणात सलिल दोनदाच त्यांच्या खोलीत गेला. दुसऱ्यांदा परवान्यासाठी सही घ्यायला.

ठासणी दुकानात राहिली. दुनळी घरी आली.

त्याच संध्याकाळी अनुसूया तुळशीपुढे वात लावत असताना वाडीत बार झाला. जाड, बसका, मागे घरघर ठेवणारा. दुनळी माजघरात खुंटीला होती. थोड्या वेळानं गौरी आली. तिच्या केसांना दारूच्या धुराचा वास होता.

मग रोजच बार होऊ लागला. बिबट्याचं पाऊल कुठे उमटेना. मास्तरांची नवी बंदूक लागू पडली, असं आळीत म्हणू लागले. सलिलला ते झोंबलं.

"माझ्या वाडीत कोण भुरटा घुसतो ते बघतोच."

"राखतंय कुणीतरी. राखू दे."

"कोण राखतंय? नाव घे."

सासऱ्यांचं नाव तिनं कधीच घेतलं नव्हतं.

रविवारी गौरी घरी होती. सलिल विहिरीमागे दबा धरून बसला. दिवेलागणीला बसका बार झाला. लगेच दुसरा, कोरडा, दुनळीचा.

सलिल परतला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"पायावर मारली. पडला नाही. नुसतं बघितलं माझ्याकडे."

"कोणी?"

त्यानं पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

सोमवारी बार झाला नाही.

अनुसूया पेटती वात धरून ऐकत राहिली. रातकिडेसुद्धा नाहीत.

मग गौरी आली. चपला काढत म्हणाली, "आई, दार लावू नकोस हां. ते दोघं मागून येतायत."

"कोण दोघं?"

"एक म्हातारे आहेत. पाय ओढतायत बिचारे. म्हटलं, माझा हात धरा, तर पंच्यात तोंड लपवलं."

"आणि दुसरं?"

"कुत्रं असेल. त्यांच्या हाताखालून निमूट चालत होतं. टॉर्च मारला तर डोळे चमकले नुसते."

सलिल माजघरातून बंदूक घेऊन आला. काडतूस त्याच्या हातून निसटलं आणि खाटेखाली घरंगळत गेलं.

अंगणात माडाचं वाळलेलं झाप मोडलं.

एक पाऊल. मागे घासत येणारा पाय.

त्यांच्या बरोबरीनं मऊ, जड पावलं.

पायरीशी येऊन सगळी एकदमच थांबली.