कारण : इतर

आमच्या कंपनीचा आरोग्य विमा सोडून जाणाऱ्यांना थांबवायचं, हे काम खरं तर माझं नव्हतंच. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण रजेवर गेली आणि ते माझ्या गळ्यात पडलं. त्या सकाळी पहिला आला तो... स्वतः चिंब भिजलेला, फाइल मात्र शर्टाच्या आत कोरडी जपलेली.

"आईची पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्यायची आहे."

"हप्ता जास्त वाटतोय का?" मी फॉर्मवरचा पहिला प्रश्न विचारला.

"नाही."

"मग कारण काय लिहू?"

त्याने फाइल टेबलावर ठेवली. "बाबा आयसीयूत होते तेव्हा तुमच्याकडे नऊ फोन केले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून तेच सांगायचं. नवव्याने विचारलं, पेशंट आता कसे आहेत? तेव्हा बाबांना जाऊन दोन तास झाले होते... क्लेम मिळाला हो, सगळा मिळाला. पण—"

त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. मी 'इतर' वर खूण केली.

तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. बोलताना सरळ डोळ्यांत बघायचा. नजर चुकवायला मला कागद चाळावे लागायचे. मैत्रीण परत आली, तरी त्याची फाइल मी तिला दिली नाही. आईचे रिपोर्ट, सह्या... फोन होत राहिले.

"मी बोलतोय."

"कळलं."

"बघा, नावसुद्धा सांगावं लागलं नाही!"

महिन्याभराने नव्या कंपनीचा होकार आला. तो समोर येऊन बसला.

"मी विचार बदललाय. आई इथेच राहू दे."

"का?"

"तुम्ही आहात ना..."

मलाही तेच हवं होतं. हो म्हटलं असतं, तर साहेबही खूश झाले असते. पण आयसीयूबाहेर नऊ वेळा फोन लावणारा तो डोळ्यांसमोरून हलेना.

"मी एकटी आहे," मी म्हणाले. "उद्या माझी बदली झाली तर? तिकडे एका पेशंटला शेवटपर्यंत एकच माणूस असतो, मी चौकशी केलीये. आईसाठी ठरवा. माझ्यासाठी नको."

"तुमचं काम आम्हाला थांबवायचं ना?"

"हो. आज जमलं नाही, असं लिहीन."

त्याने सही केली आणि तो गेला. नंतर टेबलावरचा फोन वाजला, की माझा हात आधी धावायचा... आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा असायचा.

तीन महिने गेले.

"मी बोलतोय."

"...कळलं."

"आईचं ऑपरेशन झालं. ठणठणीत आहे. तिकडच्या बाई रोज स्वतःहून विचारपूस करायच्या."

"छान झालं." मला त्या बाईंचा उगाच हेवा वाटला. "मग इकडे कशाला फोन केलात?"

"आई विचारतेय... आपल्याला जा म्हणणाऱ्या मुलीला घरी कधी आणतोस?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, ती येईल का ते मलाच माहीत नाही. मला मात्र ती हवी आहे."

मी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं.

"शनिवारी सुट्टी असते मला," मी हळूच म्हणाले.

फोन ठेवायचं नाव मात्र दोघांपैकी कुणीच घेईना.