दुसऱ्या पाळीचा फोटो

बसा. लाइट यायला अजून वेळ आहे. भिंतीकडे पाठ करून बसलात, ते एक बरं झालं.

ही शेजारच्या तेलदादाची गोष्ट. गिरणीत यंत्रांना तेल घालायचं काम त्याच्याकडे, म्हणून तेलदादा. त्याची न् माझी भिंत एकच. तिकडे वहिनी खोकली की इकडे माझी झोप मोडायची. त्यानं मला सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

गिरणी पाडायचं ठरलं होतं. बुधवारी सकाळी बुलडोझर येणार होता, म्हणून मंगळवारी रात्री, जेवणं आटोपल्यावर, तेलदादा घराबाहेर पडला. आभाळात चंद्र नव्हता. हातात कापडी पिशवी, खिशात मोबाइल. काम एवढंच, की टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरीच्या कचेरीच्या, भिंतीवरचा एक फोटो काढून आणायचा.

वहिनी अंथरुणाला खिळून होती. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. म्हणजे काय, ते आपण समजायचं. तिचं दुसरं काही मागणं नव्हतं. लेकीचं तोंड एकदा बघायचं होतं.

लेक म्हणजे टिटवी. काटकुळे पाय, आणि तोंडाची टकळी कधी बंद नाही, म्हणून बापानं ठेवलेलं नाव. वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायच्या कामावर होती, दुसऱ्या पाळीला. कामात कितीही गुंतलेली असो, बापानं ‘ए टिटवे’ म्हटलं की वळून बघणारच. मग एका रात्री खात्याला आग लागली. अकरा जणी आत. तेलदादा दाराशी उभा राहून हाका मारत होता, घसा फाटेपर्यंत. तेवढ्या एका वेळी ती वळली नाही. अकरांतली एकही बाहेर आली नाही.

त्याला तीस वर्षं झाली. घरातले फोटो पुराच्या पाण्यात एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला. वहिनी एक दिवस म्हणाली, “मला तिचं तोंड आठवत नाही हो. वेणी आठवते, पाय आठवतात. तोंडाच्या जागी काहीच येत नाही.”

तेलदादानं डोळे मिटून पाहिलं. त्यालाही येत नव्हतं.

गिरणीत दरवर्षी प्रत्येक खात्याचा फोटो निघायचा. यंत्रं थांबवायची आणि तिथंच रांगेत उभं राहायचं. खात्यात कापसाचे तंतू उडत असायचे, ठिणगी पडायची भीती, म्हणून फ्लॅशला बंदी होती. दारातून येईल तेवढा उजेड. फोटोग्राफर सांगायचा, आता श्वाससुद्धा घेऊ नका. जी हलेल तिचं तोंड पुसलं जायचं. टिटवीच्या पाळीचा फोटो निघत होता तेव्हा तेलदादा तेलाचा डबा घेऊन दारावरून चालला होता. लेक खांबासारखी उभी. एरवी तोंड मिटत नाही आणि आज बघा कशी, म्हणून त्याला हसू आलं. त्यानं गमतीनं हाक मारली. ती वळली. फोटोग्राफरनं कपाळावर हात मारला, पण साहेब काही दुसऱ्यांदा यंत्रं थांबवेना. पंधरवड्यानं आग लागली.

लेकीचा तेवढा एकच फोटो उरला होता, आणि तो बापाच्या हाकेनं बिघडलेला. इतकी वर्षं त्यानं त्या भिंतीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. आता मात्र वाटलं, अगदीच पुसलं नसेल. नाक दिसेल. हनुवटी दिसेल. तिच्या आईला तेवढं तरी...

फाटकावरचा वॉचमन जुना सोबती. तो म्हणाला, खुशाल जा, चोरायला आता मीच तेवढा उरलोय, आणि मला नेलंस तर तूच पस्तावशील. दोघं हसले. तेलदादा आत गेला.

टाइम ऑफिसचा लांबलचक बोळ. एका भिंतीवर पहिल्यापासूनचे फोटो ओळीनं लावलेले. मोबाइलच्या उजेडात तो एकेक बघत निघाला. नदीकाठचं उजाड माळरान, चार माणसं दोरी धरून उभी. मग अर्धी चिमणी. मग पूर्ण चिमणी, आणि खाली मुंग्यांसारखे लोक. कामगारांच्या खोल्या, खोल्यांपुढे बाजार, बाजारातून जाणारी पहिली बस. बंद फाटकासमोर जमिनीवर बसलेली हजारभर माणसं, संपातली. मग नवी यंत्रं आली, आणि त्यांच्याजवळ उभी असलेली माणसं फोटोगणिक कमी होत गेली. शेवटच्या फोटोत नुसतं कुलूप. आपलं अख्खं गाव त्या भिंतीवर भरत गेलं होतं आणि ओसरत गेलं होतं.

त्याला हवा होता तो मधेच सापडला. अकरा जणी. दहांची तोंडं लख्ख, अगदी डोळ्यांतला उजेडसुद्धा दिसावा अशी. अकरावीचं... पाटी ओल्या बोटानं पुसावी तसं. नाक नाही. हनुवटी नाही.

त्यानं काच सदऱ्यानं पुसली. पुन्हा पुसली. धूळ असेल, म्हणून आणखी पुसली. मग खालीच बसला. घरी वहिनी दाराकडे डोळे लावून पडली होती. तिला काय दाखवायचं?

बराच वेळ गेला. मग तो उठला, फोटोसमोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला,

“ए टिटवे...”

काही नाही.

मग वास आला. तापलेल्या तेलाचा. यंत्रं भंगारात जाऊन किती वर्षं झाली होती... पण तो वास त्याला कळल्याशिवाय राहणार नव्हता.

मोबाइलचा उजेड गेला.

“टिटवे, बघ ना गं. आईला बघायचंय.”

मागं कोणीतरी होतं.

एक नव्हे. पुष्कळ. पावलं वाजली नव्हती. बोलणं नव्हतं. नुसतं... खूप माणसांनी एकदम श्वास रोखून धरावा, तसं.

तो वळला नाही.

अंधार तसाच. श्वास तसाच धरलेला. केवढा तरी वेळ.

मग सगळ्यांनी एकदम सोडला. त्याच्या मानेवर. गरम.

फोटो त्यानं खिळ्यासकट उपटला आणि पळत सुटला.

घरी मी वहिनीजवळ बसलो होतो. तो धापा टाकत आला. त्यानं फोटो तिच्या हातात दिला. वहिनीनं दिव्याखाली धरला, आणि तिचं बोट एका जागी जाऊन थांबलं.

“हीच,” ती म्हणाली. “अशीच बघायची.”

मी वाकून पाहिलं. टिटवीचं तोंड स्वच्छ होतं. समोर बघत होती. आता बोलेल अशी.

वहिनी पहाटे गेली. फोटो छातीवरच होता.

चार दिवसांनी गल्लीच्या टोकाची शिंपीण आली. तिची आई त्या अकरांत. आई गेली तेव्हा ही पाळण्यात, त्यामुळे आई तिनं बघितलेलीच नाही. ती म्हणाली, काका, मला एकदा दाखवा. तेलदादानं फोटो बाहेर काढला, आणि तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं. टिटवी लख्ख होती. बाकी दहांची तोंडं पुसलेली. एका हाकेला सगळ्याच वळाव्यात तशी.

शिंपीण काचेवर तळहात ठेवून तशीच बसली.

तेव्हापासून त्यानं ध्यास घेतला. दहाही घरी गेला. तुमच्या बाईला घरात काय म्हणून हाक मारायचे, एवढंच विचारी. कुणी ताई सांगितलं, कुणी अक्का, कुणी साळू. मग रोज संध्याकाळी गिरणीच्या सपाट झालेल्या जागेवर जाऊन त्या हाका मारी. साळू... अक्के... मागं बघा गं. पोरं दगड मारत. लोक म्हणत, बायको गेली आणि म्हातारा भ्रमला. मी हाताला धरून घरी आणायचो. घरी आला की आधी फोटो बघायचा. पुसलेलाच. मग पाणीसुद्धा प्यायचा नाही.

हिवाळ्यात त्यानं अंथरूण धरलं. शेवटच्या रात्री मी उशाशी होतो. आवाज पार बसला होता, तरी ओठ हलत होते, हाका चालूच. मग एकाएकी थांबला. बाहेर काही वाजलं नव्हतं. त्यानं मान वळवली दाराकडे, कोणी हाक मारल्यासारखी. अगदी टिटवी वळायची तशी.

मग काही नाही.

त्याचं सगळं आटोपून आल्यावर मी फोटो उचलला. दहांची तोंडं परत आली होती. शिंपिणीला बोलावलं. तिनं आपली आई न सांगता ओळखली. नाक तेच. टिटवीची जागा मात्र रिकामी होती. तिच्या पाठीमागचं यंत्र दिसत होतं, त्यावरचं सूतसुद्धा.

फोटो तुमच्या मागच्या भिंतीवर आहे. आधी त्या समोरच्या भिंतीवर होता. त्याआधी आतल्या खोलीत. मी जागा बदलून बदलून पाहिली.

दहाही जणी स्वच्छ दिसतात. पण कॅमेऱ्याकडे एकही बघत नाही. कुठल्याही भिंतीवर लावा... त्या घराच्या दाराकडेच बघतात, हाकेला कान लावून.