शेवटचे दोन यार्ड

माझी थोरली बहीण हेलन लग्न होऊन गेली ते साल १९७१. लग्न नोव्हेंबरातल्या एका शनिवारी होतं, आणि आदल्याच संध्याकाळी आमच्या शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा संघ मोसमातला शेवटचा सामना हरला होता. त्यामुळे चर्चच्या हॉलमध्ये नवरीकडे कोणी बघेना. यानो काकाने टेबलावर पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, ओळीने मांडल्या, पुढे मिठाची बाटली ठेवली आणि गरजला, "चौथी, शेवटची संधी! सात सेकंद उरलेले! तीन गुणांनी मागे! किक मारून चेंडू खांबांमधून घातला की तीन गुण. बरोबरी झाली तरी विजेतेपदाची ढाल आपलीच होती. आणि हा शहाणा कोच म्हणतो, दोन यार्ड पळून रेषा ओलांडा!"

"काका, तुमची डावी फळी नवरदेवाच्या भावाने खाल्ली," मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

किक मारणारा म्हणजे माझा धाकटा भाऊ, अँडी. अठरा वर्षांचा. त्या मोसमात त्याची एकही किक चुकली नव्हती. कोचने त्याला बाहेर ठेवलं, चेंडू घेऊन पळणारा पोरगा रेषेच्या हातभर अलीकडे पडला, आणि ढाल डोंगरापलीकडच्या गावाने नेली. "तो माणूस आम्हा हुडाकांच्या तोंडावर थुंकला," बाबा म्हणाले. अँडी लग्नात जेवला नाही. सगळ्यांना वाटलं, अपमान झाला म्हणून.

आमच्याकडे रीत होती. संघ हरला की कोचच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशा पाट्या रोवायच्या. बाबांची छाती खाणीतल्या धुळीने भरलेली, कोचच्या घरापर्यंतचा चढ चढवत नसे. रविवारी त्यांनी पाटी माझ्या हातात दिली.

मी पोचले तेव्हा बारीक गारा पडत होत्या. आठ-नऊ पाट्या आधीच उभ्या होत्या. मी हातोडा उचलला, तोच —

"तिथे खडक आहे," मागून आवाज आला. "जरा डावीकडे रोवा. तिथली माती मऊ आहे."

वेंडल प्रिचर्ड. अठ्ठावीस वर्षांचा कोच. कानांवर ओढलेली लोकरी टोपी, हातात कॉफीचा कप. माझे कान तापले.

"मला... बाबांनी पाठवलंय."

"कोणाची तुम्ही?"

"हुडाकांची. मिला."

"अँडीची बहीण..." मग कप माझ्या हातात देऊन हातोडा त्याने घेतला आणि स्वतःच पाटी ठोकली. "हुडाकांची पाटी सरळ हवी. घर बघायचंय? दोन खोल्या, छप्पर गळतं, मालक मूर्ख."

"मालकाचं गावाला माहीत आहे. किक का नाही मारू दिली?"

"तुम्ही मारू दिली असती?"

"डोळे मिटून."

"मग चुकली असती," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा एक दात जरा पुढे यायचा.

निम्मा उतार उतरल्यावर लक्षात आलं, कप माझ्याच हातात राहिला होता.

सोमवारी संध्याकाळी अग्निशमन दलाच्या तळघरात सामन्याची फिल्म दाखवत. गावचे पुरुष कोचला पडद्याशेजारी उभं करून जाब विचारायचे. शर्टांच्या कारखान्यातून सुटले की मी तिथे कॉफी ओतायला जायचे. त्या दिवशी शेवटचा डाव चारदा लावला. "परत!" सगळे ओरडत. सगळ्यांचे डोळे चेंडूवर. मी मात्र — खरं ते सांगते — कडेच्या रेषेवर उभ्या असलेल्या वेंडलकडे बघत होते. म्हणून मला दिसलं.

डावाआधी सहा नंबरच्या पोराने दोन्ही हातांनी त्याची बाही धरली होती. पोरगा मान हलवत होता, नाही, नाही. त्याचे गुडघे लटपटत होते. वेंडलने त्याच्या मानेवर हात ठेवला, त्याला आपल्या पाठीमागे घेतलं, आणि पळायचा इशारा केला.

सहा नंबर अँडीचा.

"पोरी, माझी पँट!" यानो काका किंचाळला. कॉफी सांडली होती. मी मान वर केली. वेंडल माझ्याकडेच बघत होता.

"सांग ना, का पळायला लावलंस?" कोणीतरी विचारलं.

"मला जिंकायचं होतं," तो म्हणाला. मग त्याला जे ऐकावं लागलं, ते मी लिहीत नाही.

बाहेर जिन्यावर मी त्याला गाठलं.

"खरं का सांगत नाही? नोकरी जाईल तुमची."

"नोकरी दुसरी मिळेल. अँडीला याच गावात म्हातारं व्हायचंय. चाळीस वर्षांनी पण गुत्त्यात म्हणतील, तो बघा घाबरलेला."

"तरी मी किकच मारायला लावली असती."

"थरथरणाऱ्या पोराला?"

"माझे बाबा तीस वर्षं थरथरतच खाणीत उतरले. घाबरूनही माणूस काम करतो. तुम्ही त्याला करून बघूच दिलं नाही."

"असेल तुमचं बरोबर," तो म्हणाला. "मला ते कधीच कळणार नाही."

पुढचे चार रविवार मी त्याचा कप परत द्यायला गेले.

"आणला?"

"विसरले."

"मग पुढच्या रविवारी यावं लागेल."

"यावं लागेल... पण किकच मारायला हवी होती."

"अगं, बस तरी आधी!" असं म्हणून तो पायरीवरचा बर्फ टोपीने झाडायचा. 'तुम्ही' कुठल्या रविवारी गळालं, आठवत नाही.

डिसेंबरात कोचला ठेवायचं की नाही, यावर शाळेच्या मंडळाने मत घेतलं. तिघे त्याच्या बाजूने, सहा विरुद्ध. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीत सामान भरत होता.

"मी आज सांगते," मी म्हटलं. "बाबांना, यानो काकाला, सगळ्या गावाला."

"सांगितलंस तर मी तुझ्याशी लग्न करणार नाही, मिला."

"आणि नाही सांगितलं तर बाबा करू देणार नाहीत!"

"मग अशीच चल. गाडीत जागा आहे."

आई कधीच गेलेली. हेलन सासरी. बाबांना धाप लागली की उठवून बसवायचं, पाठ चोळायची, ते मलाच जमायचं. "थांबशील?" मी विचारलं. तो नुसता अंगणातल्या पाट्यांकडे बघत राहिला.

त्याच्या कोटाचं वरचं बटण लोंबत होतं. सुई माझ्या कॉलरला नेहमी असायची. मी तिथेच उभ्याने बटण शिवलं. दातांनी दोरा तोडताना माझा गाल त्याच्या छातीला लागला.

"मिला, माझं तुझ्यावर..."

"बोलू नकोस. बोललास तर मला गाडीत बसावं लागेल."

तो बोलला नाही.

ओहायोहून तो नाताळला पत्र पाठवायचा. आईमागे माझी शाळा सुटलेली; हाताने लिहिलेलं अक्षर मला तेव्हा लागत नसे. पत्र वाचून दाखवायला घरात अँडीच होता. "कोच लिहितात, बटण अजून घट्ट आहे," तो वाचायचा आणि दाराकडे बघायचा. शेजारच्या खोलीत बाबा खोकत असायचे. दर वेळी वाटायचं, आज हा उठेल, आत जाईल आणि खरं काय ते सांगेल. त्याने सांगितलं नाही. मला माहीत आहे हे मीही त्याला कधी कळू दिलं नाही.

चौथ्या नाताळच्या पत्रात वेंडलने लग्न ठरल्याचं लिहिलं. अँडीने ते वाचलं, घडी घालून माझ्या हातात दिलं, आणि अंधार पडेपर्यंत अंगणात कोळसा फोडत बसला. मी हाक मारली, तरी आत आला नाही.

बाबा १९७६ च्या फेब्रुवारीत गेले, त्या कोचला शेवटपर्यंत नावं ठेवत. वेंडल प्रिचर्ड २००३ च्या ऑक्टोबरात ओहायोत गेला. अँडी गेल्या वर्षी अकरा मार्चला, या गावातच, म्हातारा होऊन गेला.